फाटलेल्या शेवटांचा उन्हाळा

जगातली पहिली फॅन फिक्शन जोगेश्वरीला लिहिली गेली. पूर्वेला, लेण्यांच्या वरच्या अंगाला, आमच्या चाळीत. हे मी सध्या रोज घरात सांगतो आणि घरात कुणी ऐकत नाही.

मार्च आला की आमचा टॉवर एकदम शहाणा होतो. वरच्या मजल्यावरचं ड्रिल थांबतं, टीव्ही कुजबुजायला लागतात, कुकरची शिट्टी बायका चमच्याने दाबून धरतात. लिफ्टसुद्धा मजल्यावर थांबताना टिंग करत नाही, नुसती मान हलवते. दर घरात एक परीक्षा असते. आमच्या घरची परीक्षा म्हणजे ईशा, माझी मुलगी, बारावी कॉमर्स. समोर अकाउंटन्सीचं जाडजूड पुस्तक, पुस्तकाच्या पोटात फोन, आणि फोनवर दोन्ही अंगठे असे पळतायत की धूर निघावा.

"काय वाचतेस गं?"

"वाचत नाहीये. लिहितेय."

"परवा पेपर आहे ना?"

"पप्पा, लोक थांबलेत यार. पुढचा भाग टाकायचाय."

कुठल्याशा मालिकेत लिहिणाऱ्यांनी एका माणसाला उगाच मारून टाकलं होतं, आणि आमची कन्या त्याला जिवंत करत बसली होती. याला फॅन फिक्शन म्हणतात, असं तिने मला अडाण्याला समजवावं तसं समजावलं. दुसऱ्याने जन्माला घातलेली माणसं घ्यायची आणि त्यांची पुढची गोष्ट आपण लिहायची. आणि हे काही आजचं नाही हां, असं म्हणून तिने इतिहासही काढला. तिकडे अमेरिकेत अंतराळयानाच्या एका मालिकेवर जीव टाकणाऱ्या बायका होत्या. दिवसभर नोकरी, घर, पोरं. सगळं आवरलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटर. स्टेन्सिल कापायचे, यंत्राचा दांडा हाताने फिरवून प्रती काढायच्या, पिना मारायच्या आणि पोस्टाने एकमेकींना धाडायच्या. नवरे हसायचे, छापील लेखक नाक मुरडायचे, म्हणून कितीजणी खरं नावही लावायच्या नाहीत. त्याच्याही आधी विलायतेत एका हेराला त्याच्याच लेखकाने कंटाळून मारलं, तेव्हा वाचक म्हणे दंडाला काळी फीत बांधून फिरले, आणि काहींनी सरळ स्वतःच त्याच्या गोष्टी लिहायला घेतल्या.

मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "हे सगळं ठीक आहे. पण पहिली तुझी सुमनआत्या."

"पप्पा, फेकू नकोस."

आता मी फेकतो हे खरं आहे. मालवणी माणूस, त्यात विमा विकण्यात जन्म गेलेला. पण बांदेकरांचं वाचनालय मी फेकलेलं नाही. ते आमच्या चाळीच्या जिन्याखाली होतं. तिथे उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची, म्हणून बांदेकरकाका सकाळपासून रात्रीपर्यंत बसूनच असत. उभे राहिले तर किती उंच भरतील यावर चाळीत पैजा होत्या. भोवती रहस्यकथा. खाकी कव्हरं, वर काकांच्या अक्षरात नाव, आणि आत मार्तंड.

मार्तंड म्हणजे गुप्तहेर मार्तंड. दर दोन-तीन महिन्यांनी त्याचं नवं पुस्तक यायचं. पांढरा बुशकोट, डोळ्यांवर काळा चष्मा, अंधारातही काळा चष्मा. त्याच्या हाताखाली रघू नावाचा मदतनीस. मार्तंड खोलीत शिरला की खुनी घामाघूम. रघूचं काम एकच, "साहेब, हे तुम्ही ओळखलंत कसं?" असं विचारायचं. प्रत्येक पुस्तकात एकदा विचारायचा आणि पुढच्या पुस्तकापर्यंत गप्प.

या पुस्तकांना रोग एकच. शेवटची पानं नसायची. जगात कुठल्याही जिन्याखालच्या वाचनालयात जा, प्रेमकथेचा शेवट शाबूत असतो आणि रहस्यकथेचा गेलेला असतो. कुणी स्टोव्ह पेटवायला न्यायचं, कुणाच्या पोराची होडी व्हायची, आणि काही माणसं नुसत्या वाईटपणाने फाडायची. मला खुनी कळला, आता तुम्ही बसा बोंबलत. बांदेकरांनी पाटी लावली होती, पानं फाडणाऱ्याचे हात झडतील म्हणून. पाटीचाही कोपरा कुणीतरी फाडला होता.

आमच्या घरी पुस्तक एकटं कुणी वाचायचं नाही. बाबा वाचायचे, मोठ्याने. गिरणीतली नोकरी सुटल्यावर ते जोगेश्वरीतच एका कारखान्यात लागले होते. संध्याकाळी घरी येऊन चहा झाला की भिंतीला पाठ लावून बसायचे आणि आई समोर तांदूळ निवडत नाहीतर कोळंबी सोलत ऐकायची. आईला वाचता येत होतं, पण हात रिकामे नसायचे. बाबा आवाज काढायचे. खुन्याचा खर्जातला, रघूचा चिरका. बाबांनी खुन्याचा आवाज काढला की पलीकडच्या खोलीतलं तान्हं पोर रडायला लागायचं, त्याच्या पलीकडच्या खोलीतला कुत्रा रडायचा, आणि एकदा तर गोरेगावपर्यंतचे कुत्रे रडले होते.

एक दिवस असंच पुस्तक ऐन रंगात संपलं. मार्तंड दिवाणखान्यात उभा आहे, सगळे संशयित बसलेत, मार्तंड म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे," आणि पुढे नुसता बांधणीचा दोरा. बाबांनी पुस्तक उलटं करून झटकलं, जणू खुनी खाली पडेल. आईच्या हातात कोळंबी तशीच.

"सुमन, तू सांग," बाबा म्हणाले. "तू कॉलेजात जातेस."

सुमनताईने सांगितलं. दिवाणजी. का, तर पहिल्या प्रकरणात त्याने उजव्या हाताने सही केली आणि चौथ्यात डाव्या हाताने विडी पेटवली. बाबा थक्क झाले. त्यांनी तिला ते कागदावर लिहायला लावलं, खळीने पुस्तकात चिकटवलं आणि तसंच परत दिलं. बांदेकरांनी ते वाचलं. पुढच्या आठवड्यात आणखी दोन फाटकी पुस्तकं घरी पाठवली.

तिथून जे सुरू झालं ते सांगायला माझा एक जन्म पुरत नाही. ताईचे शेवट जोगेश्वरीभर फिरले. वाकोल्याहून माणसं यायची. पवईला एका सभ्य घरात तिच्या शेवटावरून लग्न मोडता मोडता राहिलं. लेखकाने मारलेल्या माणसांना ती सहसा मारायची नाही. मागच्या दाराने गावाला वगैरे पाठवून द्यायची. लोकांना ती चटक लागली. मग आमच्या लोकांनी, म्हणजे फक्त आमचेच लोक करू शकतील असं, एक केलं. जी पुस्तकं धड होती त्यांचेही शेवट फाडायला लागले. लेखकाचा शेवट वाचून बघायचा, पटला नाही तर फाडायचा आणि पुस्तक परत देताना तोंड पाडून म्हणायचं, "काका, ह्याचं पण शेवटचं पान गेलंय हो. सुमनला सांगा जरा." बांदेकर डोक्याला हात लावायचे. रात्री ती खळ झुरळं खायची आणि सकाळी ताईचे निम्मे खुनी निसटलेले असायचे.

परवा खात्री करायला ताईला फोन केला. ती आता बोरिवलीला असते, बँकेतून निवृत्त झाली.

"अगं, शेकड्यांनी शेवट लिहिलेस ना तू?"

"तुझ्या तोंडात एकाचे दहा होतात. आठ-नऊ असतील रे. आणि वाकोल्याहून कोण आलं होतं?"

"आली होती माणसं."

"एक आला होता. तोही पत्ता चुकून."

तिच्याशी बोलून इतिहास लिहिता येत नाही.

त्या वर्षी पौषात बाबा गेले. कारखान्यातून फोन वाण्याच्या दुकानात आला आणि वाणी स्वतः सांगायला आला.

इथे मला फेकता येत नाही. मी प्रयत्न केलाय. त्या दिवसांबद्दल काही मोठं, काही भयंकर सांगावं म्हणून तोंड उघडतो आणि काही निघत नाही. दातांचा डॉक्टर सुई देतो, मग ओठ आपलाच असतो पण आपला नसतो, चावला तरी कळत नाही. घर तसं झालं होतं. सगळं चालू होतं. दूध येत होतं, पाणी भरलं जात होतं. मी दहावीला, ताई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला; पुस्तकं उघडी असायची. आई रडली नाही. नेलं तेव्हा नाही, दिवस झाले तेव्हा नाही, आणि नंतरही नाही. बोलायची ते कामापुरतं. तेल संपलं. दार लाव. संध्याकाळी तांदूळ घेऊन त्याच जागी बसायची आणि निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडायची.

चाळीला हे बघवेना. आमच्याकडे माणूस गेलं की मागे राहिलेलीने रडायलाच पाहिजे, नाहीतर ते आत कुजतं, असं बायका मानायच्या. शेजारच्या परबीणकाकूंनी पुढाकार घेतला. बाबांचा सदरा आईच्या पुढ्यात ठेवला. आईने घडी नीट करून कपाटात ठेवला. बाबांच्या आवडीचं तिसऱ्यांचं कालवण आणलं. आईने आम्हाला वाढलं. शेवटी वर्सोव्याहून एक म्हातारी कोळीण आणली. ती म्हणे नुसत्या आवाजाने खडकाला पाझर फोडायची. तिने दारात बसून असा सूर लावला की परबीण रडली, मी रडलो, बांदेकर जिन्याखाली रडले, आणि अख्खी चाळ हुंदके देत असताना आईने आत जाऊन म्हातारीसाठी पाणी आणलं.

"माझ्या बापजन्मात अशी बाई बघितली नाय," म्हातारी पाणी पिऊन म्हणाली.

मग ऊन वाढलं. परीक्षेचे दिवस आले. तेव्हा अभ्यासाला आम्ही सगळे लेण्यांत जायचो. बाहेर डोंगर तापलेला, आत काळोख, ओलसर गारवा, वटवाघळांचा वास, आणि देवीपुढच्या उदबत्तीचा. एकेका खांबाला एकेक विद्यार्थी टेकलेला. पाठ करण्याचा गुणगुणाट असा की देवीलाही भूगोल पाठ झाला असेल. ताई खांबाला टेकून बसायची, पान उलटायची नाही. मी बाजूला बसून तिच्याकडे बघायचो आणि मलाही काही वाटायचं नाही. वाटत नाहीये एवढं फक्त कळायचं.

त्याच दिवसांत नवा मार्तंड आला.

बांदेकर प्रत्येक नवं पुस्तक आधी स्वतः वाचायचे. त्या दुपारी ते वाचनालयाबाहेर आले आणि उभे राहिले. चाळीने त्यांना पहिल्यांदा उभं बघितलं, आणि पैजा लावलेल्यांपैकी कुणालाही पैजेची आठवण झाली नाही, असा त्यांचा चेहरा होता. ते नळावर आले. परबीणकाकू कळशी लावून उभ्या होत्या, मी आणि ताई लेण्यांतून परतत होतो.

"मार्तंड मेला," बांदेकर म्हणाले. "लेखकाने मारला. खाडीत पडतो. प्रेत सापडतं. काही सोय ठेवली नाही मेल्याने."

आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पानं काढली. शेवटची पानं. हात झडतील अशी पाटी लावणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने फाडलेली.

"सुमन, तू दुसरं लिही. आणि आईला तेच वाचून दाखव. तुझा बाप वाचायचा तसं. बाई दोन महिने बसल्येय त्या तांदळांपुढे. निदान मार्तंड तरी येऊ दे तिच्याकडे परत."

"कशाला?" परबीणकाकूंनी कळशी काढली. "मरू दे की त्याला! खरंय तेच वाच गं सुमन. स्वतःच्या माणसासाठी नाही रडली, त्या मार्तंडासाठी तरी रडेल. एकदा बांध फुटला की सुटली."

"अहो काकू, एका घरात किती माणसं मारायची?"

"आणि खोटं जगवून काय करायचं हो? दोन-तीन महिन्यांनी नवं पुस्तक आलंच नाही, मग? तेव्हा काय सांगणार, मार्तंड गावाला गेलाय?"

नळावर गर्दी झाली. बघता बघता चाळीचे दोन पक्ष पडले, मार्तंड मरावावाले आणि मार्तंड जगावावाले. निवडणुकीतसुद्धा आमच्याकडे एवढा आवाज होत नसे. हंडे आपटले गेले, जुनी भांडणं निघाली, कुणीतरी कुणाचं लग्न काढलं. ताई मध्ये उभी होती, हातात एकीकडे फाटकं पुस्तक आणि दुसरीकडे फाटकी पानं. तिचं वय तेव्हा ईशाहून थोडंच जास्त. अर्धे म्हणत होते लिही, अर्धे म्हणत होते वाच, आणि आईचं काय होईल ते मात्र तिच्या एकटीच्या हातात दिलं होतं. आई रडली तर बरं होणार होतं की मोडणार होती, हे चाळीत कुणालाही ठाऊक नव्हतं.

ताई दुसऱ्या दिवशी लेण्यांत बसून लिहीत होती. राज्यशास्त्राचं पुस्तक मांडीखाली घेऊन. मी विचारलं, "काय करतेस?" ती म्हणाली, "जगवते."

मला आता ईशाच्या त्या अमेरिकन बायका दिसतात. मध्यरात्री टाइपरायटरपुढे बसलेल्या, झोपलेल्या घरात. त्या का लिहीत असतील, याची पुस्तकांत खूप कारणं दिली असतील. मला एकच ठाऊक आहे. कुणीतरी दूरचा, न बघितलेला लेखक ठरवतो की हे इथे संपलं, आणि एखादीला ते चालत नाही. खऱ्या आयुष्यात तिला कुणी विचारलेलं नसतं, चालेल का म्हणून.

संध्याकाळी आई सूप घेऊन बसली. ताई बाबांच्या जागी बसली, भिंतीला पाठ लावून. तिने आवाज काढले नाहीत. सरळ वाचत गेली. दाराबाहेर पायऱ्यांवर दोन्ही पक्ष श्वास रोखून बसले होते. जगावावाले डावीकडे, मरावावाले उजवीकडे. मार्तंड खाडीच्या काठावर आला. खुन्याने ढकललं. छापील पान संपलं आणि ताईच्या हातचा कागद आला. मार्तंडच्या हाताला होडीची दोरी लागली. तो वर आला. ओल्या कपड्यांनी घरी आला, रघूने दार उघडलं, रघूने त्याला कोरडा टॉवेल दिला, आणि मार्तंड म्हणाला, "रघू, जेवायला वाढ."

सुपातला हात थांबला.

"मेलो ना गो तो?" आई म्हणाली.

ताईने कागद मांडीवर उलटा ठेवला.

"तुमची बोंब काल घरापर्यंत ऐकाक येत होती. माका काय कान नाय?"

बाहेर पायऱ्यांवर बांदेकरांनी खाली मान घातल्याचं मला दारातून दिसलं. एवढी मोठी गुप्त सभा, आणि ती आम्ही नळावर भरवली होती, आमच्या खिडकीखाली.

"सॉरी, आई," ताई म्हणाली.

"मारल्यान तर मारूंदे. तेचो तो लेखक." आईने सूप बाजूला ठेवलं. दोन महिन्यांत ती एका वेळी इतकं बोलली नव्हती. "पण त्या रघूचा काय झाला? तेच्याबद्दल कोणी लिवल्यानच नाय?"

ताईने पुस्तकातून लेखकाची पानं काढून चाळली. रघूचं नाव नव्हतं. प्रेत सापडतं, पोलीस टोप्या काढतात, समाप्त. आणि खरं सांगायचं तर आमच्या दोन पक्षांपैकीही कुणाला रघूची आठवण झाली नव्हती.

"नाही लिहिलंय काही," ताई म्हणाली.

"मगे लिव तू. मी सांगतंय."

ताईने पेन घेतलं. आई भिंतीकडे बघत सांगायला लागली, आणि मी तेव्हा पंधरा वर्षांचा, मला वाटलं होतं की आता रघू खुन्याला शोधणार. रघू सकाळी उठला. दूध घेतलं. चहा केला. मग त्याने पेटीतून रेशन कार्ड काढलं, कारण कार्ड मार्तंडच्या नावावर होतं, आणि नाव कमी केल्याशिवाय दुकानदार साखर देत नव्हता. रघू कुणाला न सांगता चालत रेशनिंग ऑफिसला गेला. तिथे खिडकीतला माणूस म्हणाला, मयताचा दाखला कुठे आहे. रघू परत घरी आला, दाखला घेऊन पुन्हा रांगेत उभा राहिला. मग तो माणूस जेवायला गेला होता. मग आला. त्याने विचारलं, मयत तुमचा कोण. रघूने सांगितलं. त्या माणसाने लाल पेनने नावावर रेघ मारली, पट्टी लावून, अगदी सरळ, आणि म्हणाला, आता कुटुंबप्रमुख तुम्ही, इथे सही करा.

ताईचं पेन थांबलं होतं. आम्हाला वाटत होतं की आमच्या कार्डाचं ते काम मामांनी केलं. आम्ही कधी विचारलंही नव्हतं.

 परबीणकाकू उंबऱ्यापर्यंत सरकून आल्या होत्या, पदर तोंडावर धरून, आईकडे टक लावून. आता, या क्षणाला, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

ताईने विचारलं, "मग रघू रडला का?"

आईने जरा आठवून बघितलं.

"नाय गो," ती म्हणाली. "मागे लायन मोठी होती."

ताईने ते लिहिलं.